डेचकी परत आणण्याची नोकरी

महाडहून सकाळची मोटार सुटता सुटता वहिनीने खिडकीतून डबा आत दिला. कडीचा पितळी डबा, आईच्या वेळचा. आत दशम्या आणि तिळाची चटणी. "नोकरी नाही मिळाली तर संकोच करू नका, वन्सं. सरळ घरी या," ती म्हणाली. चांगल्या मनानेच म्हणाली. पण यजमान गेल्यापासून मी दादाच्या घरी राहते आणि मी शिकवत होते ती मुलींची शाळा बंद पडल्यापासून नुसतीच राहते. तेव्हा 'घरी या' हे शब्द मला जरा टोचले, आणि टोचले म्हणून स्वतःचाच राग आला. मी डबा मांडीवर घेतला आणि दुसरीकडे पाहत बसले.

वाचनालयातल्या मैत्रिणींनी "काय पाहिलंस ते लिही" म्हणून पाठ धरली आहे, म्हणून हे लिहिते. पाहण्यासारखं फारसं नाही हे आधीच सांगते. महाबळेश्वर सोडलं तर कुणी हौसेने जावं असं एकही ठिकाण माझ्या वाटेवर नव्हतं.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. मागे बंबासारखं एक धूड बसवलेलं, आणि क्लीनर उतरून त्यात सळी घालून ढोसायचा. घाटात तिने दोनदा मान टाकली. पुरुष ढकलायला उतरले, बायका चालायला. वर महाबळेश्वरला गारवा होता, साहेबांचे बंगले होते, टोपल्यांत स्ट्रॉबेरी होती. शेजारच्या म्हातारबुवांनी बोट दाखवून सांगितलं, "तिकडं कृष्णा उगम पावते." आम्ही कोकणातली माणसं, पाण्याचं आम्हाला काय कौतुक? मी "हो का" म्हटलं आणि चटणी-दशमी खाल्ली. पुढे आठवड्याभरातच त्या "हो का"ची आठवण होऊन मला कसंसं झालं.

साताऱ्याला दादाच्या एका स्नेह्यांकडे उतरले. त्यांच्याच तोंडून कळलं होतं की दुष्काळी भागात काम करायला एका मदत मंडळाला बायका हव्या आहेत. मंडळाची कचेरी एका दुकानावरच्या माडीत होती. तिथल्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाईमाणूस दुष्काळात काय करणार?"

"बायकांना भूक लागत नाही का तिकडे?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. बायका हव्या होत्या त्या शिवणकामाला, आणि ते भरलं होतं. मी उठले नाही. शेवटी, माझी ब्याद टाळावी म्हणून असेल, ते म्हणाले, "सांगलीला आमच्या चिटणिसांना भेटा. पूर्वेकडच्या गावांचं काम तेच पाहतात. जागा आहे असं मात्र मी म्हटलेलं नाही."

 मुक्कामी आले तर घरात मुलं होती, म्हणून डब्यातल्या उरलेल्या दशम्या त्यांना दिल्या. सकाळी निघताना यजमानीणबाईंनी डबा घासून, चकचकीत करून परत दिला, आणि आत कंदी पेढे. मी "हे कशाला" म्हटलं, त्यांनी "रिकामा कसा देऊ" म्हटलं. हे संभाषण आपल्याकडे प्रत्येक बाई जन्मभर करत असते. दिलेलं भांडं रिकामं परत जात नाही. काही नाही तर चिमूटभर साखर, एखादी मिरची, पण रिकामं नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलंही आठवत नाही.

सातारा रोड स्टेशनवर पोलिसांनी माझं गाठोडं सोडायला लावलं. चळवळीचे दिवस, त्यातून एकटी बाई. गाठोड्यात त्यांना पत्रकं सापडायची होती. डब्याचं झाकण हवालदाराने स्वतः उघडलं, वास घेतला, आणि सरकारी कामाचा भाग असावा तसा एक पेढा तोंडात टाकला. "जावा," तो म्हणाला. मी गेले.

गाडी दक्षिणेला निघाली. कऱ्हाडच्या अलीकडे-पलीकडे ऊस उभा होता, मोटा चालल्या होत्या, आणि माझ्या मनात आलं की इथे दुष्काळ आहे कुठे? संध्याकाळी सांगलीत उतरले. हळदीच्या पेठेतून टांगा गेला. गाडीवानाच्या दाढीपासून घोड्याच्या पायांपर्यंत सगळं पिवळं दिसत होतं, आणि मला शिंकांवर शिंका.

चिटणीस हळदीचे व्यापारी होते, जैन, पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी पोचले तेव्हा ते दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायच्या घाईत होते. "आधी दोन घास खावा, मग बोलू. दिवे लागल्यावर आमच्यात पान वाढत न्हाईत," असं म्हणून त्यांनी मलाही बसवलं. कुळीथाची आमटी आणि भात. जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत. हात धुतल्यावर मात्र सरळ मुद्द्यावर आले.

"जागा हाय बाई. पण ती टिकंल का बंद हुईल, ते तुमच्यावर हाय." जतच्या बाजूच्या एका गावात मंडळाने कण्यांचं (भरडलेल्या ज्वारीच्या पातळ पेजेचं) केंद्र काढलं होतं. गावातले धडधाकट लोक कामं शोधत लांब गेलेले. मागे राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसं. त्यांनी आपली तांब्या-पितळेची भांडी कधीच मोडीत घातली होती. शिवाय सगळ्यांना माप सारखं मिळावं, म्हणून मंडळाने जर्मनची (ॲल्युमिनियमची) एकसारखी डेचकी आणली. डेचकं भरून घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी घासून आणायचं आणि पुन्हा भरून न्यायचं, असा शिरस्ता. "पयल्यांदा बरं चाललं. मग एकेक बाई यायची बंद झाली. डेचकंबी न्हाई आन बाईबी न्हाई. लढाईत ही भांडी मिळंनात कुटं. मंडळी म्हंत्यात, इकली आसतील. माणसं वाईट न्हाईत बाई, पण मला मंडळाला जाब द्यायचाय. डेचकी परत आली तर केंद्र राहील आन तुमची जागाबी राहील. न्हाईतर महिनाअखेर बंद."

अशी मला डेचकी परत आणण्याची नोकरी लागली. दुष्काळपीडितांची सेवा वगैरे जे मी दादाला सांगून निघाले होते, त्याचं हे रूप.

मिरजेहून पंढरपूरच्या बाजूला जाणारी छोटी गाडी निघते. ती इतकी सावकाश जाते की उतारू मध्येच उतरून पुन्हा चढतात. मिरज मागे पडल्यावर हिरवा रंग हळूहळू संपला. मग पिवळाही संपला. मागे राहिली नुसती माती आणि तिच्यावर उभे दगड. एका ओढ्यावरून गेलो. पूल होता, खाली पाण्याचं नाव नाही. चार बायका वाळूत खड्डा करून वाटीने पाणी भरत होत्या. वाटी भरेपर्यंत थांबायचं, घागरीत ओतायची, पुन्हा थांबायचं. तेव्हा मला तो महाबळेश्वरचा म्हातारा आठवला.

स्टेशनवर केंद्राचा आचारी निंगाप्पा बैलगाडी घेऊन आला होता. कानडी मुलखाकडचा माणूस, मराठी बोलायचा पण 'की' लावल्याशिवाय वाक्य संपवायचा नाही. बैलांच्या बरगड्या मोजता आल्या असत्या, म्हणून आम्ही दोघंही गाडीच्या मागून चालत गेलो आणि गाडीत माझं गाठोडं बसून गेलं.

मारुतीच्या देवळाची ओसरी म्हणजे आमचं केंद्र. चुलाण, मोठी काहील, ज्वारीची पोती. दुपारी कण्या शिजल्या आणि निंगाप्पाने थाळी बडवली. मोजकी माणसं आली: दोन-चार म्हातारे, काही मुलं, एक आंधळी बाई. काहील जवळजवळ भरलेलीच राहिली.

"पहिल्यापासून असंच का?" मी विचारलं.

"न्हाई की. पयलं रांग लागायची की. मग काय बिनसलं कुणाला ठावं. आन बायका बी कशा बगा, डेचकी घासून आनायच्या, पण आत काय तरी राहिलेलं आसायचं. कुनाच्यात चिंचंचं बुटूक, कुनाच्यात वाळली मिरची. एकीच्यात तर शेणी (गोवरी) की. प्वारांनी खेळताना टाकलं आसंल, म्हून मी फेकून दिलं की."

मी ओसरीच्या पायरीवर बसले. मंडळात सगळे पुरुष, आचारी पुरुष, जाब विचारणारे पुरुष. त्यांच्यापैकी एकाच्याही लक्षात येण्यासारखं हे नव्हतं. त्या बायका परक्याचं भांडं रिकामं परत देत नव्हत्या. घरात होतं नव्हतं ते एकेक करून डेचक्यात घालत होत्या. चिंच संपली, मिरची संपली, शेणीसुद्धा संपल्या. मग आत घालायला काही उरलं नाही, म्हणून डेचकं आणता येईना, आणि डेचकं अडकलं म्हणून तोंड दाखवता येईना. कुणी विकलं नव्हतं. घराघरातून ती घासून पालथी घातलेली असणार आणि शेजारी बाई उपाशी बसलेली असणार. मला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येत नाही.

तसंच होतं. दुपारी घरोघर हिंडले. दारात मला पाहिलं की बायका आधी पदर सावरायच्या, मग नजर चुकवायच्या. "देतो की, बाई. चार दीस जाऊंद्या." डेचकं कोनाड्यात पालथं दिसत असायचं. मी "रिकामं आणा, चालेल" म्हटलं तर एकीने असं पाहिलं की मी पुन्हा ते शब्द काढले नाहीत.

त्या गावात एकाच जातीचं झाड हिरवं होतं, कडुलिंब. देवळामागे तीन, ओढ्याकाठी काही. संध्याकाळी मी पोत्यांत हात घातला तर ज्वारीला सोंडे (धान्यातले किडे) लागायला सुरुवात झाली होती. मग मला सुचलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच दरवाजे. "पोत्यांत घालायला लिंबाचा पाला हवाय. आम्ही दोघंच, निंगाप्पाला चुलीपासून हलता येत नाही. डेचकं आणाल तेव्हा त्यात भरून आणाल का?"

त्यांनाही कळलं आणि मलाही कळलं की त्यांना कळलं आहे.  दुपारी थाळी वाजली आणि बायका आल्या, डोक्यावर डेचकी, डेचक्यांत पाला. एक लेकुरवाळी सगळ्यांच्या पुढे होती, तिच्या डेचक्यातला पाला मी ओतून घेतला तेव्हा ती म्हणाली, "लय कवळा हाय बगा, शेंड्याचा." निंगाप्पा काहिलीजवळून ओरडला की एवढा पाला ठेवायचा कुठे. मी त्याला गप्प केलं.

एक डेचकं तेवढं आलं नाही. ते चंद्राक्काचं.

चंद्राक्का साठीच्या पुढची, उंच, हाडापेराने मोठी. नवरा मागच्या लढाईत होता, तो परत येऊन मग वारला. एकुलता मुलगा मुकिंदा या लढाईवर गेलेला. सून हौसा केंद्र निघाल्यावर उंब्रजला माहेरी गेलेली, बाळंतपणाला. घर सारवलेलं, स्वच्छ, आणि आत काही नाही. आढ्याला एक मडकं टांगलेलं, तोंड शेणमातीने लिंपून बंद केलेलं.

"पाला?" ती म्हणाली. "गुरांम्होरं टाकत्यात तसा? बाई, तुमी शानपनानं केलंसा, बायकांची अब्रू राखलीसा. पण म्या न्हाई आनायची. माजा ल्योक लामावर (लढाईवर) हाय. त्यो येईल, पेरंल, तवा डेचकं जुंदळ्यानं (ज्वारीने) भरून दीन."

"तोपर्यंत काय खाल, आक्का?"

"हाय की कायबाय."

"त्या मडक्यात काय आहे?"

"बी हाय. त्ये खायाचं न्हाई." तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "सुनंच्या म्होरं लिंपलंय म्या. मुकिंदा येईस्तवर हात लावायचा न्हाई म्हून."

मनगटावरची कातडी सैल लोंबत होती. ही बाई आणखी काही दिवस अशीच बसली तर डेचकं आणि मडकं दोन्ही जपून मरेल, हे मला दिसत होतं. मी वाद घातला. हात जोडले. मास्तरणीचा आवाज लावला. उपयोग शून्य. शेवटी माझ्या वाटणीच्या कण्या मी माझ्या पितळी डब्यात भरून आणल्या आणि म्हटलं, "हे मंडळाचं नाही. माझा डबा आहे, माझ्या आईचा. माझ्या घासातलं आहे."

तिने डबा हातात घेऊन उलटसुलट केला. "तुमचा हाय व्हय," ती म्हणाली, आणि आत जाऊन, माझ्याकडे पाठ करून खाल्लं. रोज मी डबा नेऊ लागले. रोज तो घासून परत मिळे, आणि आत एक जुना चिंचोका. तोच तो चिंचोका. मी तो तिच्या उंबऱ्याशी हळूच ठेवून यायची, ती पुन्हा डब्यात घालायची. आमचा असा व्यवहार चालला होता, आणि मला वाटू लागलं होतं की ही जगेल.

मग एका दुपारी खाकी कपड्यातला एक माणूस देवळापाशी आला. खांद्याला पिशवी, एक पाय ओढत चाललेला. "चंद्राक्काचं घर कुठं, बाई? म्या मुकिंदाचा जोडीदार. एका पलटणीत हुतो."

मला इतका आनंद झाला की मी ओसरीवरून खाली उतरून त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेले. चंद्राक्काला मुलाची खुशाली कळणार, कदाचित पैसेही येणार, डेचकं परत येणार. "जा, जा, लवकर जा, ती वाटच पाहत्येय," मी त्याला म्हटलं. तो माझ्याकडे पाहत काही क्षण उभा राहिला, मग गेला. डबा त्या दिवशी मी लेकुरवाळीच्या हाती पाठवला. पाहुणा आला आहे, मुलाबद्दलचं बोलणं असेल, आपण मध्ये कशाला, असं मला वाटलं.

सकाळी गेले. पाहुणा पहाटेच निघून गेला होता. चंद्राक्का उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर जर्मनचं डेचकं, वर शीगोशीग लिंबाचा पाला.

"घ्या, बाई. तुमचं डेचकं."

मी हसले. "आणलात ना शेवटी पाला?" असं म्हणून हात घातला. पाल्याचा थर पातळ होता. खाली ज्वारी लागली. टपोरी, राख चोळून ठेवलेली. मी वर पाहिलं. आढ्याला मडकं नव्हतं.

"आक्का, हे बी आहे."

"व्हय. बीच हाय."

"मग मुकिंदा येऊन पेरणार काय?"

"पेरायला कोन हाय आता," ती म्हणाली. डेचकं माझ्याकडे सरकवत म्हणाली, "त्या जोडीदारानं डोळ्यानं बगितलं. माती त्यानंच दिली. सरकारचा कागद मागनं येईल म्हनला."

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. काल मी त्या माणसाला "जा, लवकर जा" म्हटलं होतं. मी पदर डोळ्यांना लावला.

"रडू नगा. बायका बगत्यात," ती म्हणाली. "हितं कळलं तर बाजारातनं बातमी उंब्रजला जायाला येळ लागत न्हाई. तिचं दीस भरल्यात. म्हून तर वर पाला घाटलाय." मग तिने पाठीमागून माझा डबा काढला. जड होता. "ऱ्हायल्यालं बी ह्यात हाय. म्हैना भरत आलाय, तुमी सांगलीस्नं तुमच्या गावाकडं जानार न्हवं? उंब्रज वाटंवर हाय. बाळंत झाली आसंल तर तिला द्या. झाली नसंल तर तसंच म्होरं जावा, तोंडातनं सबूद काढू नगा."

"आणि झाली असेल तर काय सांगू तिला?"

"कायबी नगा सांगू. बी बगितलं की तिला कळंल."

उठताना मी विचारलं, "आता तरी याल ना, आक्का, कण्या न्यायला?"

"येईन की," ती म्हणाली. "डेचकं दिलं न्हवं आता."

ती आली. बाकीच्या बायकांत उभी राहिली, डेचकं भरून घेतलं, कुणीतरी विचारलं तेव्हा "मुकिंदा बरा हाय" म्हणाली. तिने दिलेली डेचकंभर ज्वारी निंगाप्पाने काही न विचारता धुऊन भरडली आणि काहिलीत टाकली. त्या दिवशी गावाने मुकिंदाचं बियाणं खाल्लं. माझ्याशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं.

सांगलीत अण्णांना मी डेचकी मिळाल्याचं सांगितलं, आणि का अडकली होती तेही. ते हळदीच्या नमुन्याशी बोटं खेळवत राहिले. "आमच्याबी घरात हेच चालतंय की," ते म्हणाले. "मग मला हे कुणी कसं सांगितलं न्हाई?"

"आपण कुणा बाईला विचारलं होतं का?"

"न्हाई," त्यांनी कबूल केलं. केंद्र राहिलं. माझी जागा पक्की झाली. घरून अंथरूण-पांघरूण घेऊन लगेच परत या, म्हणाले. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं, आणि मला त्याचं काही वाटेना. मांडीवर तो डबा होता.

कऱ्हाडहून उंब्रजला जाणारा मोठा रस्ता वडांच्या सावलीतून जातो. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या गाड्या, उसाचे भारे, गुळाच्या ढेपा. इतकं खाण्याचं सामान एका जागी पाहून मी खाली पाहत चालले. सारखं वाटत होतं की हौसा अजून बाळंत झालेली नसावी. मग मला तसंच पुढे जाता आलं असतं.

घर विचारत गेले. दारातूनच शेगडीच्या धुराचा आणि बाळंतशेपांचा वास आला. मी थांबले. आत तान्हं रडत होतं.

हौसाच्या आईने पाट दिला, पाणी दिलं. डबा आधी हिच्या हाती द्यावा, हिलाच हळूच सांगावं, असं मी ठरवत होते. पण आतून आवाज आला, "आत्याबायकडनं (सासूबाईंकडून) आल्यासा व्हय? काय धाडलंय?" आणि हौसा स्वतःच चौकटीत आली. डोक्याला फडकं बांधलेलं, काखेत मूल. विशीतली पोर. तिने एका हाताने माझ्या मांडीवरचा डबा उचलला, खाली बसली, आणि झाकण काढलं.

तिने बी पाहिलं. बोटं घातली, थोडं वर घेतलं, पुन्हा सोडलं.

"समदं दिलं आत्याबायनं?"

"हो," मी म्हटलं.

 तिची आई माझ्याकडे पाहत होती, तिच्याकडे पाहत होती, आणि मग तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने भिंतीला हात टेकला. हौसाने मूल आईच्या ओटीत ठेवलं. बी परातीत ओतलं, एक दाणा बाहेर उडाला तो वेचून आत टाकला. डबा घेऊन मागच्या दारी गेली. राखेने घासल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. एवढा मळलेला नव्हता तो.

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. हातात चुडा तसाच होता. फळीवरून तिने कागदाची पुडी काढली. रेशनची साखर, बारशासाठी राखून ठेवलेली. ती सगळी डब्यात ओतली आणि झाकण लावलं.

"अहो, ही कशाला आता," मी म्हटलं. 

"रिकामा कसा दीऊ, बाई?" ती म्हणाली. "आत्याबायला सांगा, लेक झालीया. म्हनावं, बी हितं आमच्या रानात पेरतो. सुगीला डेचकं भरून धाडतो."

साताऱ्याहून वर, घाटातून खाली, महाडपर्यंत मी तो डबा कुणाला हात लावू दिला नाही. साहेबांचे बंगले पुन्हा लागले, स्ट्रॉबेरीवाल्या पुन्हा मोटारीशी आल्या. मला काहीच विकत घ्यावंसं वाटलं नाही. इतकं हिंडून मी काय शिकले असं मैत्रिणी विचारतात. मदत करायला गेलेल्या माणसाने आधी घेणाऱ्याच्या हातात द्यायला काय उरलं आहे ते पाहावं, एवढंच मला सांगता येईल. बाकी जे पाहिलं त्याने मन अजून ताळ्यावर नाही.

घरी आल्यावर वहिनीने सवयीने डबा उघडला. "अगबाई, साखर? आणि एवढी?" तिने बोट बुडवलं होतं. मी "थांब" म्हटलं आणि चौकटीत उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती साखर कुणाची, चंद्राक्काला कशी पोचायला हवी, आणि ती बाई किती खंगली आहे.

वहिनीने बोटाची साखर झटकून डब्यात टाकली. झाकण घट्ट लावलं, मुंग्या लागू नयेत म्हणून डबा फडक्यात बांधला आणि माझ्या पिशवीत ठेवला. माझं अंथरूण तिने स्वतःच गुंडाळायला घेतलं.

"उद्याच्याच मोटारीने जा, वन्सं," ती म्हणाली. "उशीर करू नका."